रिकामंच आहे

वॉल्ट ऑर्नडॉर्फ यांनी माझ्या धाकट्या भावाच्या हातात गोळी घातली तेव्हा माझी त्यांच्याकडे पाठ होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळ्यांनी माझ्या त्या पाठीचंच भांडवल केलं.

रविवार होता. आदल्या दिवशी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बंदुकांचा बाजार भरला होता, हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आधी दरवर्षी भरतो तसा. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या हेमलॉक रन नेमबाजी क्लबच्या खोलीत सगळे जमतात आणि आपापली खरेदी मांडतात. लांबच लांब टेबल, त्यावर जुने टॉवेल, तेलाच्या बाटल्या, नळी साफ करायच्या सळया, पितळी ब्रश, चिंध्यांचा ढीग. कोपऱ्यात लाकडाची शेगडी. कुणी काय घेतलं, कुणाला कोणी बनवलं, नळीवरचा शिक्का मुळातला की मागाहून ठोकलेला, यावर दुपार सरते. मला ते वाद आवडायचे. माझा नवरा मला सोडून गेला त्या आठवड्यातसुद्धा मी रविवार चुकवला नव्हता.

त्या दिवशी क्लबचा अध्यक्ष मर्ल डिबॉल्ट याच्या नव्या रायफलीवरून चाललं होतं. नवी म्हणजे त्याला नवी. होती ती आजोबांच्या काळातली.

"अरे मर्ल, हिला घासूनपुसून वरून रंग चढवलाय कुणीतरी," ग्लेन म्हणाला. ग्लेन म्हणजे माझा भाऊ. "अक्षरांच्या कडा बघ. पार गुळगुळीत. गंडवलं तुला."

"शंभर वर्षांची म्हातारी आहे ती. तुझ्याही कडा गुळगुळीत होतील त्या वयात."

"म्हातारीबद्दल तक्रार नाही माझी. म्हातारीला नटवून तुझ्या गळ्यात बांधलीय, त्याबद्दल बोलतोय."

सगळे हसले. ग्लेन एका हातानं स्वतःच्या रायफलीत सळई घालत होता आणि दुसरा हात हॅमच्या सँडविचकडे लांबवत होता. मी उठून कॉफी ओतायला गेले. भांडं भिंतीपाशी असतं. म्हणून माझी पाठ.

मागून वॉल्टचा आवाज आला. तरुणपणापासून त्यांना महायुद्धातलं एक जर्मन पिस्तूल हवं होतं आणि काल ते एकदाचं मिळालं होतं. "चाप बघा याचा. लोण्यासारखा आहे, लोण्यासारखा."

"वॉल्ट, रिकामं आहे ना?" हा मर्ल.

"रिकामंच आहे. मॅगझिन हे काय माझ्या हातात."

आणि मग तो आवाज. बंद खोलीतला बार मैदानातल्या बारासारखा नसतो. कानात काहीतरी फाटतं. उकळती कॉफी माझ्या मनगटावर सांडली आणि मला कळलंही नाही. वळले तर वॉल्टच्या उजव्या हातात पिस्तूल, डाव्या हातात गोळ्या भरायचं मॅगझिन. आणि ग्लेन आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. ओरडत नव्हता. एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवेना झालं की माणूस बघतो, तसं बघत होता.

आता वॉल्ट कोण, ते सांगते. वॉल्ट क्लबचे सुरक्षा अधिकारी. गोळीबाराच्या रेषेवर ते "थांबा" म्हणाले की राष्ट्राध्यक्ष असला तरी त्यानं बंदूक खाली ठेवायची. भिंतीवरचा नियमांचा फळा त्यांच्या हातचा. पहिलाच नियम, प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा. आमचे वडील कोळशाच्या खाणीत मेले तेव्हा ग्लेन जेमतेम शाळेत जाऊ लागला होता. वॉल्ट आम्हा दोघांना रेंजवर, क्लबच्या नेमबाजीच्या मैदानावर, न्यायला लागले. पहिला अख्खा उन्हाळा त्यांनी आम्हाला एक गोळी दिली नाही. नुसती रिकामी रायफल. उचल. उघड. आत बघ. बोट घालून चाचप. ठेव. पुन्हा उचल. मी कंटाळून रडले होते. बायकोला हात करायला म्हणून भरली बंदूक हातात घेऊन मागे वळलेल्या एका माणसाला त्यांनी क्लबातून जन्माचं काढलं होतं. त्या माणसानं माफी मागितली, हातापाया पडला. वॉल्ट म्हणाले होते, "गोळीला माफी ऐकू येत नाही."

तोच हा माणूस. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं पहिल्या दिवशीचं पोरही समजत नाही. नळीच्या मागच्या टोकाशी एक गोळी बसलेलीच असू शकते. वरचा भाग मागे ओढायचा, आत डोकवायचं. चुटकीसरशी होणारं काम.

टॉवेल गुंडाळून ग्लेनला मी ट्रकमध्ये बसवलं. मर्ल न विचारता मागच्या सीटवर चढला. मला वाटलं, काळजीपोटी.

"हे बघ ग्लेन," अर्ध्या वाटेत तो मागून पुढे वाकून म्हणाला, "दवाखान्यात गोळीची जखम बघितली की ते पोलिसांना कळवणार. कायदाच आहे तसा. तेव्हा काय सांगायचं याचा विचार आत्ताच करून ठेवलेला बरा."

"काय सांगायचं म्हणजे?" मी म्हटलं. "झालं ते सांगायचं."

"कॉनी, तू गाडी चालव."

"माझ्या गाडीत बसून मला गाडी चालव म्हणतोस?"

"वॉल्टचं वय बघ गं. गुन्हा दाखल झाला तर त्याच्या सगळ्या बंदुका जातील. मरेल तो. आणि क्लबचा विमा? सुरक्षा अधिकाऱ्यानंच गोळी घातली म्हटल्यावर कोण विमा देईल आपल्याला?"

ग्लेनचा रंग पांढऱ्या मेणासारखा झाला होता. मी म्हणाले, "मर्ल, आणखी एक शब्द काढलास तर इथेच हायवेवर उतरवीन." तो मागे टेकला. पण त्याचं काम झालं होतं.

दवाखान्यात राज्य पोलिसांची एक तरुण अधिकारी आली, केस मागे घट्ट बांधलेली. तिनं वही काढली आणि ग्लेननं तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "माझीच चूक. नवीन पिस्तूल बघत होतो. रिकामं समजलो."

"खोटं बोलतोय तो!" मी म्हणाले.

अधिकारी माझ्याकडे वळली. "तुम्ही बघितलंत?"

"मी ऐकलं. वॉल्ट ऑर्नडॉर्फच्या हातात होतं पिस्तूल. वळले तेव्हा त्यांच्याच हातात होतं."

"बार झाल्यावर वॉल्टनी ते उचललं," दारातून मर्ल म्हणाला. इतक्या सहज, की क्षणभर माझाही विश्वास बसला असता. "सुरक्षा अधिकारी आहेत ते, ते उचलणारच. कॉनी कॉफी ओतत होती. पाठ होती तिची."

"बाई, बार झाला तेव्हा तुमची पाठ होती?"

"हो. पण—"

तिनं लिहून घेतलं. पुढे तिनं क्लबमधल्या बाकीच्यांनाही विचारलं. प्रत्येकानं तेच सांगितलं. ज्यांच्याबरोबर मी वर्षानुवर्षं सॉसेज खाल्ले, ज्यांच्या मुलींच्या लग्नांत नाचले, त्यांनी.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट डॉक्टरांना वाचवता आलं नाही. ग्लेन वीज कंपनीत खांबांवर चढायचं काम करायचा. वादळात तारा तुटल्या की अर्धा जिल्हा त्याची वाट बघायचा. दोन बोटांविना तारेवर काम करता येत नाही.

मी त्याला माझ्या घरी आणलं. सूप दिलं. तो पिईपर्यंत थांबले आणि मग माझ्याच्यानं राहवेना.

"का?"

"झालं ते झालं, कॉनी."

"झालं नाही. केलं. तुझा हात तोडला त्यांनी. आणि तू त्यांचा हात पोलिसांपासून लपवतोस!"

"मला शिकवलं त्यांनी. बाबा गेल्यावर कोण होतं आपल्याला?"

"मी होते! तुझे डबे कोण भरत होतं? वॉल्ट भरत होते?"

"तुला नाही कळायचं."

हे वाक्य मला आयुष्यभर पुरुषांनी ऐकवलंय. बापानं, नवऱ्यानं, मर्लनं. भावाकडून ऐकलं तेव्हा मी ते सूपचं भांडं सिंकमध्ये असं आदळलं की त्याचा कान तुटला.

मला वाटलं होतं, अपमान इथे संपला. पण क्लबचा एक नियम आहे. ज्याच्या हातून निष्काळजीपणे गोळी सुटली, त्याला वर्षभर रेंजबंदी, आणि ठपका सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. पोलिसांकडे जे सांगितलं तेच क्लबातही चालवायला हवं, नाहीतर पितळ उघडं पडणार. म्हणजे हात गेला ग्लेनचा आणि शिक्षाही ग्लेनला. मर्लनं बैठकीची सूचना लावली. आणि ठपका वाचतो कोण? सुरक्षा अधिकारी. वॉल्ट ऑर्नडॉर्फ.

सूचना वाचली तेव्हा मी क्लबच्या दारात हसत सुटले. हसू नव्हतं ते. गॅसच्या टाक्या पोचवायचा माझा ट्रक चालूच होता. मी त्यात परत बसले, दिवसभराच्या टाक्या पोचवल्या आणि एका गिऱ्हाइकाशी विनाकारण भांडले. घरी येऊन माझं छोटं पिस्तूल काढलं. त्यात सरावासाठी मिळते तशी नारिंगी प्लॅस्टिकची नकली गोळी नळीपाशी बसवली. मॅगझिनमध्ये काहीच नाही. नकली गोळीनं काही होत नाही. मी तरीही चार वेळा बघून खात्री केली. मला तसंच शिकवलं होतं.

बैठकीला खोली भरलेली होती. ग्लेन पुढच्या खुर्चीत, हाताला पट्टी, टोपी गुडघ्यावर. वॉल्ट उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, ताठ पाठ. त्यांनी कागद वाचला. आवाज कुठे अडखळला नाही. "सदस्य ग्लेन येंचिक यांनी सुरक्षेच्या पहिल्या नियमाचा भंग केला." मग कागदाची घडी केली, ग्लेनच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनापासून, अगदी मायेनं म्हणाले, "पोरा, किती वेळा सांगितलं होतं तुला. उघडून बघावं."

ग्लेननं मान खाली घातली. "हो, वॉल्ट."

नाटक करत असते तर मी त्यांचं थोबाड फोडलं असतं. पण ते नाटक नव्हतं. या माणसाला खरंच वाटत होतं की गोळी ग्लेननं झाडली. मी खोलीतल्या चेहऱ्यांकडे बघितलं. कुणीच चकित झालेलं नव्हतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

मी उठले. "वॉल्ट, एक मिनिट. हे माझं पिस्तूल बघता का? अडकतंय जरा."

"कॉनी, आत्ता नको," मर्ल म्हणाला.

"तुला नाही विचारलं."

"आण इकडे," वॉल्ट म्हणाले. त्यांना कुणी काही दाखवलं की ते नाही म्हणत नाहीत. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, तोंड रिकाम्या भिंतीकडे. त्यांनी ते उचललं. सराईतपणे मॅगझिन काढलं, उजेडात धरलं.

"रिकामंच आहे," ते म्हणाले. मग पिस्तूल हातात तोलत वळले. नळी फिरत फिरत मर्लच्या छातीवर आली. त्यांनी चाप ओढला.

टक्.

मर्ल खुर्चीसकट मागे पडला. शेजारचा टेबलाखाली गेला. ज्यांनी पोलिसांना सांगितलं होतं की गोळी वॉल्टच्या हातून सुटलीच नाही, ते सगळे भिंतीला चिकटले होते. मी वॉल्टच्या हातातून पिस्तूल घेतलं, वरचा भाग मागे ओढला. नारिंगी गोळी उडून टेबलावर पडली आणि गडगडत मर्लच्या पाण्याच्या ग्लासाला जाऊन लागली.

"ही खरी असती तर तू मेला असतास, मर्ल," मी म्हणाले. "त्या दिवशी तूच विचारलंस, रिकामं आहे ना म्हणून. तू का विचारलंस? वॉल्टना कधी कुणी विचारत नाही. तू का विचारलंस?"

मर्ल उठत होता. गुडघे झटकत होता. वॉल्ट त्या गोळीकडे बघत होते. मग माझ्याकडे. "कुणी भरली ही?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. कुणाला तरी समज द्यायची आहे, तर कुणाला ते कळावं, अशा स्वरात.

"बैठक संपली," मर्ल म्हणाला.

ग्लेन माझ्या आधी बाहेर पडला होता. पार्किंगमध्ये बर्फाची भुरभुर सुरू झाली होती आणि तो माझ्या ट्रकला टेकून उभा होता. वाटलं, आता तरी म्हणेल, बरं केलंस.

"लाज वाटत नाही तुला?" तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला सापळा लावलास. सगळ्यांसमोर."

"त्यांनी तुला सगळ्यांसमोर—"

"मी बघितलं होतं, कॉनी!" तो ओरडला. ग्लेन कधी ओरडत नाही. "त्या दिवशी. त्यांनी मॅगझिन काढलं आणि वरचा भाग ओढलाच नाही. नळी माझ्याकडे आली तेव्हा मी बघत होतो. मला दिसलं. मी बोललो नाही. वॉल्टना मी सांगणार? उघडून बघा म्हणून? मी? ... मग माझीच चूक नाही तर कुणाची? मी पोलिसांशी खोटं बोललो नाही."

"एक शब्द, ग्लेन! वॉल्ट, नळी तिकडे करा! एवढंच!"

"तू बोलली असतीस."

"हो, बोलले असते!"

"हो ना. तू नेहमीच बोलतेस. म्हणून तर कुणाला तू नकोशी होतेस."

तो मर्लच्या गाडीतून घरी गेला. मर्लच्या. मी तिथेच उभी राहून ट्रकच्या चाकाला लाथा घातल्या, अंगठा दुखायला लागेपर्यंत.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी एकटीनं कोंबडी भाजली. अख्खा टर्की कुणासाठी करायचा? त्याच आठवड्यात वॉल्टच्या बायकोचा फोन आला. अर्लीन. बुटकीशी, चर्चच्या स्वयंपाकघरात बायकांवर हुकूम चालवणारी बाई, पण फोनवर आवाज अगदी बारीक.

"कॉनी, ट्रक घेऊन ये. त्याच्या बंदुका घेऊन जा. वॉल्टला डॉक्टरकडे नेलंय त्याच्या भाच्यानं. तो यायच्या आत."

गेले. तर दारात ग्लेन. अर्लीननं त्यालाही बोलावलं होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. त्यानं दार धरलं, मी आत गेले, एवढंच.

कपाट उघडलं. सगळ्या रायफली ओळीत, तेल पाजलेल्या, लाकूड आरशासारखं. एवढी निगा मी कुठे बघितली नाही. मी एकेक उघडून आत बघत होते आणि ग्लेन चांगल्या हातानं कांबळ्यात गुंडाळत होता.

"त्या रिकाम्या आहेत," अर्लीन म्हणाली. "रोज सकाळी तो अंघोळीला गेला की मी करते. तो भरून ठेवतो आणि विसरतो. मी काढते."

मी थांबले. "रोज? कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून असेल."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"मर्लला बोलले होते. ईस्टरच्या सुमाराला. म्हटलं, त्याला रेंजवर जरा कमी काम दे. तो म्हणाला, वहिनी, काळजी करू नका, मी नजर ठेवतो."

ग्लेनच्या हातातलं कांबळं तसंच राहिलं. "मर्लला माहीत होतं?"

"त्याला, आणि... बाकीच्यांनाही थोडंफार असेल. पुरुष बोलतात आपसात."

मला किंचाळायचं होतं. किंचाळले असते, पण तेवढ्यात ग्लेन कपडे धुवायच्या खोलीत गेला होता. तिथे दारामागे एक जुनी हरणाची रायफल टेकवलेली त्याला दिसली. त्यानं ती उचलली, नळी भिंतीकडे केली, काडतूस आत-बाहेर सरकवणारा बोल्ट मागे ओढला. एक लांब पितळी काडतूस उडालं आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर खणकन पडलं. मग दुसरं. मग तिसरं. तिथेच, दोन हातांवर, अर्लीनची धुण्याची टोपली होती.

अर्लीन मटकन खुर्चीत बसली. "ही मला माहीत नव्हती. देवा रे. ही मला नव्हती माहीत."

"आणि माहीत नसलेल्या आणखी किती असतील?" मी तिच्यावर ओरडले. होय, तिच्यावर. रडणाऱ्या म्हातारीवर. "तुमचा नवरा, तुमचं प्रेम, त्यांचा मान! त्या मानापायी माझ्या भावाची बोटं गेली! एक फोन मला केला असता तर?"

"कॉनी," ग्लेन म्हणाला, "पुरे."

तो काडतुसं खिशात टाकून बाहेर गेला. मला वाटलं, पुन्हा माझ्यावरच चिडला. खिडकीतून बघितलं तर तो अंगणात उभा राहून फोनवर बोलत होता. बराच वेळ. आत येऊन म्हणाला, "त्या पोलीस अधिकारी बाईंना लावला होता. उद्या जबानी बदलायला जायचंय. तू चल बरोबर. तू ऐकलंस ते सांग."

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

"माहितीय. पुन्हा सांग."

त्या अधिकारी बाईंनी ग्लेनला असं झापलं की त्याची मला दया यायला हवी होती. आली नाही. खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर गुन्हा झाला, दंड झाला. वॉल्टच्या डॉक्टरांचे कागद बघून सरकारी वकिलांनी त्यांच्यावर खटला भरला नाही. त्यांच्या घरात बंदूक ठेवायची नाही, एवढं ठरलं. पिस्तुलं बंदुकांच्या दुकानदाराकडे गेली, रायफली माझ्याकडे. विमा कंपनीनं क्लबला रामराम ठोकला आणि अख्खा हिवाळा रेंजला टाळं लागलं. त्याचं खापर कुणावर फुटलं असेल? माझ्यावर. पेट्रोल पंपावर लोक माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात. आणि मर्ल? मर्ल अजून अध्यक्ष आहे. निवडून आला. बिनविरोध.

मी सदस्यत्व सोडलं नव्हतं. त्यांनी त्याचं नूतनीकरण केलं नाही. घरामागच्या टेकडीच्या कुशीत मातीचा बांध घालून मी आणि ग्लेन तिथेच नेम धरतो आता. खांबांवरून उतरवून कंपनीनं त्याला फोनवर बसवलंय, वीज गेल्याच्या तक्रारी घ्यायला. त्याला ते काम मुळीच आवडत नाही. तो डाव्या हाताखाली वाळूची पिशवी ठेवून रायफल टेकवतो आणि नेम चुकला की शिव्या घालतो. आम्ही पूर्वीसारखं बोलत नाही. पण बोलतो. "नळी तिकडे कर," असं तो मला उगाचच म्हणतो, नळी तिकडेच असते तरीही.

आणि बुधवारी अर्लीन वॉल्टना घेऊन येते. तिनं विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले होते. दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा ग्लेननंच हो म्हटलं. बंदुका पडून राहिल्या की गंजतात, आणि त्या कशा ठेवायच्या ते वॉल्टइतकं कुणाला येत नाही, हे खरंच आहे. मी आधी सगळे बोल्ट काढून लोखंडी पेटीत कुलूपबंद करते, बोल्टाशिवाय रायफल उडत नाही. घरात एक काडतूस उघड्यावर ठेवत नाही. मग टेबलावर टॉवेल पसरते आणि ते बसतात.

गेल्या बुधवारी ते मला रागावले. "एवढं तेल कशाला? बुडवतेस का तिला? थेंबभर. चिंधीला, नळीला नाही."

"बरं."

"बोल्ट कुठे गेला हिचा?"

"दुरुस्तीला दिलाय," मी म्हणाले. मी म्हणाले, जिनं दुसऱ्यांच्या खोट्यापायी अख्खं गाव अंगावर घेतलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ग्लेन खिडकीपाशी उभा होता, त्याचा डावा हात खिशात. वॉल्टना त्या हाताचं काय झालं ते आठवत नाही. एकदा त्यांनी विचारलं होतं, आणि ग्लेन म्हणाला होता, "कामावर झालं."

"तू चिडलेली दिसतेस," वॉल्ट मला म्हणाले.

"आहे चिडलेली."

"कुणावर?"

सांगायला खूप होतं. त्यांच्यावर, आधी त्यांच्यावर. मर्लवर, अर्लीनवर, त्या भरलेल्या खोलीवर, भावावर. आणि रोज सकाळी नव्यानं चिडावं लागतं याच्यावर, कारण ज्याच्यावर चिडायचं त्याला काही आठवतच नाही.

"सगळ्यांवर," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, हात पुढे केला आणि कोरडी चिंधी मागितली.